आठ इंची टॅब्लेट: छोटा हवाय, पण त्यासाठी नक्की काय काय सोडायचं?

बदलापूर_फास्ट

नमस्कार मंडळी, बरेच महिने टॅब्लेट घ्यायचं डोक्यात आहे आणि जितकं वाचतोय तितका गोंधळ वाढतोय म्हणून शेवटी इथे विचारतो. थोडं लांबलचक लिहितोय कारण नुसतं "कुठला टॅब घेऊ" म्हटलं की सगळे अकरा इंची घ्या सांगून मोकळे होतात.

माझी गरज एकदम ठरलेली आहे. रोज बदलापूर ते सीएसएमटी, सकाळी बसायला मिळतच नाही, म्हणजे एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात जे काय असेल ते. खात्यांतर्गत परीक्षेचा अभ्यास मी याच वेळात करतो, घरी गेल्यावर होत नाही. वाचायचं काय तर महाराष्ट्र नागरी सेवा नियम १९८१ चे जुने स्कॅन, शासन निर्णयांच्या पीडीएफ, आणि कोणीतरी झेरॉक्सवरून परत स्कॅन केलेल्या नोट्स. सगळं ए-फोर, जवळपास सगळं देवनागरी. सध्या ६.७ इंची फोनवर वाचतो, प्रत्येक ओळीला पान डावीकडे उजवीकडे सरकवावं लागतं, ठाणं येईपर्यंत डोळे दुखायला लागतात. मित्राचा अकरा इंची हातात धरून बघितला, पाचशे ग्रॅमच्या आसपास वजन, गर्दीत एका हातात जमणारच नाही.

मग आठ इंचात शोधायला गेलो तर दोन टोकं दिसतात. एकीकडे आयपॅड मिनी, ए१७ प्रो चिपवाला, २०२४ मध्ये आला तेव्हा ४९,९०० रुपये. दुसरीकडे सॅमसंगचा गॅलॅक्सी टॅब ए९, ८.७ इंची, जवळजवळ पाव किमतीत. मधे धड काहीच नाही. आता माझ्या साध्या डोक्याला पडलेले प्रश्न: ८.७ इंच हे ८.३ पेक्षा मोठे, मग वाचायला ए९ च बरा नाही का? पन्नास हजार घेऊन मिनीला अजून ६० हर्ट्झचाच, म्हणजे सेकंदाला साठ वेळाच चित्र बदलणारा स्क्रीन का? त्यात ते जेली स्क्रोल म्हणतात ते काय प्रकरण आहे, वाचताना त्रास होतो का? आणि सगळ्यात मोठा प्रश्न, पंचवीस हजारात चांगला छोटा टॅब कोणी का बनवत नाही, अडचण नेमकी कुठे आहे?

गेमिंग, व्हिडिओ, ड्रॉइंग यातलं काही नको. फक्त वाचन आणि बोटाने चार खुणा करणं.

---

पिक्सेल_मोजणी

दादा, सगळ्यात आधी ते इंच डोक्यातून काढून टाका, त्यांनीच गोंधळ होतो. मी बंगळुरात डिस्प्लेच्या कामात आहे, त्यामुळे हा विषय जिव्हाळ्याचा आहे, जरा आकडे येतील, सहन करा.

इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचा कर्ण. स्क्रीन लांबुळका केला की कर्ण वाढतो, रुंदी वाढत नाही, आणि पान वाचायला लागते ती रुंदी. ए९ चा स्क्रीन १३४० बाय ८०० पिक्सेल, त्यामुळे ८.७ इंच असूनही रुंदी साधारण ४.४६ इंच. मिनीचा २२६६ बाय १४८८, त्याची रुंदी साधारण ४.५५ इंच. म्हणजे आकड्यात लहान दिसणारा मिनी प्रत्यक्षात थोडा रुंद आहे. ए-फोर पान उभं लावलं तर ए९ वर वरखाली मिळून इंचभराहून जास्त पट्टी रिकामी जाते, तुम्ही ज्या ८.७ चे पैसे देताय त्यातला तो भाग पीडीएफला उपयोगाचाच नाही. गंमत बघा, २०१९ चा जुना ७.९ इंची मिनी होता ना, लांबी-रुंदी ४:३ वाला, त्यावरही ए-फोर पान ४.४७ इंच रुंद दिसायचं. म्हणजे ७.९, ८.३ आणि ८.७, तिन्हींवर तुमचं पान जवळपास एकाच मापाचं!

आणि हेच गणित फोनला लावा. ६.७ इंची फोनची रुंदी पावणेतीन इंचाच्या आसपास. म्हणजे आठ इंची टॅबवर तेच पान क्षेत्रफळाने अडीच पटीहून जास्त मोठं दिसतं. आकड्यात ६.७ आणि ८.३ जवळजवळचे वाटतात म्हणून लोक म्हणतात फोन मोठा झालाय, छोटा टॅब कशाला. पान वाचणाऱ्याला तसं म्हणून चालत नाही.

आता खरा फरक, पिक्सेल किती दाट आहेत. मिनी ३२६ पीपीआय, म्हणजे एका इंचात ३२६ पिक्सेल, ए९ साधारण १७९. ए-फोर पान साडेचार इंचात बसवलं की सगळं ५५ टक्क्यांवर येतं, म्हणजे १२ पॉइंटची अक्षरं साडेसहा पॉइंटची होतात. मिनीवर त्या अक्षराच्या पूर्ण उंचीला ३० पिक्सेल मिळतात, ए९ वर १६. इंग्रजी १६ मध्ये कसंबसं भागतं, देवनागरीला त्याच १६ मध्ये वरची वेलांटी, रफार, अनुस्वार, मधली शिरोरेषा, खालचा उकार, सगळं बसवायचं असतं. अनुस्वाराच्या वाट्याला एखाददुसरा पिक्सेल येतो. द्ध आणि द्घ, ष्ट आणि ष्ठ यात फरक कळेनासा होतो. नियमांचं पुस्तक वाचणाऱ्याने हे गांभीर्याने घ्यावं, तिथे एक अनुस्वार गेला की एकवचनाचं अनेकवचन कळत नाही.

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे, देवनागरी वाचनासाठी ३०० च्या आसपास पीपीआय हवेच.

---

फळा_खडू

पिक्सेल_मोजणी यांनी मोजमाप बरोबर केलंय, निष्कर्षाशी मी सहमत नाही. वाचनासाठी पन्नास हजार हे उत्तर नसतंच, एका पगारदार माणसाला तर नाहीच नाही. मी अमरावतीकडे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, विद्यार्थी हाच प्रश्न घेऊन येत असतात.

आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलतो भाऊ, मधे काही का नाही. छोटा टॅब बनवताना पहिली कोणती गोष्ट पक्की करता त्यावर बाकी सगळं ठरतं. आपल्याकडे याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे आकाश, सरकारने विद्यार्थ्यांसाठी काढलेला स्वस्त टॅब. ऑक्टोबर २०११ मध्ये आला, तिथे किंमत आधी ठरली होती, सरकारला सव्वादोन हजाराच्या आसपास पडला पाहिजे. मग उरलेलं सगळं त्या किमतीत कोंबायचं. ७ इंची ८०० बाय ४८० चा स्क्रीन, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, २१०० एमएएचची बॅटरी, आणि टच रेझिस्टिव्ह, म्हणजे बोट टेकवून भागत नाही, दाबावं लागतं. रेझिस्टिव्ह का, तर तेव्हा कॅपॅसिटिव्ह, म्हणजे नुसत्या स्पर्शाने चालणारं पॅनेल महाग होतं. पुस्तकाचं पान उलटायला दाबून ओढायचं म्हणजे वाचण्यातली लयच जाते. पुढच्या वर्षी आकाश २ आला, त्यात आयआयटी मुंबईतल्या दीपक फाटक सरांच्या टीमने लक्ष घातलं, १ गिगाहर्ट्झ, ५१२ एमबी आणि मुख्य म्हणजे कॅपॅसिटिव्ह टच. त्या एका बदलाने वस्तू वापरण्याजोगी झाली. मला ती धडपड मनापासून आवडायची, कारण प्रश्न योग्य होता, मुलाच्या हातात पुस्तकाएवढं यंत्र किती स्वस्तात देता येईल.

आता ए९ बघा, विचार तोच आहे पण दहाबारा वर्षांत घटक स्वस्त झाले. हेलिओ जी९९ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५१०० एमएएच, मेमरी कार्डाची जागा, हेडफोनचं भोक. यात काटकसर कुठे केली तर पॅनेलवर. आणि ही काटकसर वाचणाऱ्यालाच नेमकी नडते हे मान्य, पण त्याला उपाय आहे.

उपाय म्हणजे समास कापणे. ए-फोर पानाला चारी बाजूंनी इंचभर समास असतो, तो कापला की मजकुराची रुंदी सव्वासहा इंच राहते. ती साडेचार इंचात बसवली की अक्षर ५५ टक्क्यांऐवजी ७१ टक्क्यांवर येतं, ए९ वर १६ ऐवजी २१ पिक्सेल. टॅब आडवा धरला तर मजकूर मूळ छपाईपेक्षाही मोठा दिसतो, साधारण १२० टक्के, पान दोनतीन टप्प्यांत वाचायचं इतकंच. संगणकावर ब्रिस नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते सगळ्या पानांचे समास एकदम कापतं. अँड्रॉइडवर रीडएरामध्येही कापायची सोय आहे. हे करून बघा आणि मग ठरवा पन्नास हजार घालायचे का.

---

सोल्डर_सांगली

मी रिपेअरिंगवाला, मला पिक्सेल बिक्सेल कळत नाही फारसं, पण उघडून बघितलंय बरंच, म्हणून वजन आणि बॅटरीवर बोलतो, कारण उभ्याने एका हातात धरणार म्हटल्यावर निम्मा निकाल तिथंच लागतोय.

छोट्या टॅबमध्ये सगळी मारामारी जागेची. आत निम्म्याहून जास्त जागा बॅटरीच खाते आणि बाकीचं तिच्या कडेला बसवायचं. मिनीचाच इतिहास बघा की. पहिला २०१२ चा, ३०८ ग्रॅम, ७.२ मिमी, बॅटरी साधारण १६ वॅट-अवर. पुढच्या वर्षी रेटिना स्क्रीन टाकला, पिक्सेल एकदम चौपट झाले, दाट पिक्सेलमधून उजेड कमी बाहेर येतोय म्हणून मागचा दिवा जास्त पेटवावा लागतोय, म्हणून बॅटरी पावणेचोवीस वॅट-अवरची, वजन ३३१ ग्रॅम, जाडी ७.५ मिमी. म्हणजे नुसतं अक्षर गुळगुळीत करायला बॅटरी जवळपास दीडपट करावी लागली आणि चालायला तेवढाच वेळ, दहा तासच सांगायचे दोन्हींना. मग २०१५ मध्ये स्क्रीन सुधारला, चिप सुधारली, तेव्हा कुठं बॅटरी १९ वर आणून ६.१ मिमी आणि तीनशे ग्रॅमच्या आत आले. आजचा २९३ ग्रॅम, ६.३ मिमी, बॅटरी १९.३.

आणि ए९ ३३२ ग्रॅम, ८ मिमी. आता ही गोष्ट लक्षात घ्या, ५१०० एमएएच म्हणजे तीही एकोणीस-वीस वॅट-अवरच झाली. बॅटरी दोघांची सारखीच हो! मग वरचे चाळीस ग्रॅम कशाचे, तर काच, चौकट, पातळ न करता येणारी बॉडी यांचे. पातळ करायलाच पैसे लागतात, जाड करायला लागत नाहीत. ज्याला वाटतं महागात फक्त नावाचे पैसे आहेत त्याने दोन्ही उघडून शेजारी ठेवून बघावेत.

पण रिपेअरच्या बाजूनं महागाचं वाईट हे की सगळं चिकटवलेलं. स्क्रीन गरम करून सोडवायचा, बॅटरी गोंदानं धरलेली, एक चूक झाली की काच गेली. स्वस्त टॅबला बऱ्याचदा चार्जिंगची छोटी पट्टी वेगळी असते, ती बदलून अर्ध्या तासात गिऱ्हाईक घरी. लोकलच्या गर्दीत पडायची शक्यता धरून चालत असाल तर हे पण हिशोबात घ्या. आणि कुठलाही घ्या, ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग असेल तर ती चालू करा, नव्या मिनीत आहे, सॅमसंगमध्येही बॅटरी जपायचा पर्याय असतोय. छोट्या बॉडीत बॅटरी फुगली की तिला जायला दुसरी जागा नाही, थेट स्क्रीनच उचलते.

---

रेघोटी

मी पुण्यात चित्रं काढते, मुलांच्या पुस्तकांसाठी, आणि छोटे टॅब बरीच वर्षं वापरतेय. इथे कोणी धरण्याबद्दल नीट बोललं नाही म्हणून लिहिते, कारण सोल्डरदादा म्हणतात ते वजन महत्त्वाचं आहेच पण अंगठा कुठे ठेवायचा हाही तितकाच मोठा प्रश्न आहे.

ऑक्टोबर २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सनी ७ इंची टॅब्लेटवर कडक टीका केली होती, की असा स्क्रीन आयपॅडच्या स्क्रीनच्या ४५ टक्केच भरतो, आणि त्यावर बटणं लहान केली तर सोबत सँडपेपर द्यावा लागेल बोटं घासून बारीक करायला. दोन वर्षांनी ॲपलनेच मिनी आणला, पण त्या आक्षेपाला उत्तर शोधून आणला. स्क्रीन ७.९ आणि ४:३, त्यामुळे तेव्हाच्या लांबुळक्या ७ इंची टॅबपेक्षा क्षेत्रफळ ३५ टक्के जास्त. पिक्सेल मोठ्या आयपॅड २ इतकेच, १०२४ बाय ७६८, म्हणजे जुनी ॲप जशीच्या तशी चालली. आणि त्याचे १६३ पीपीआय हे पहिल्या आयफोनइतकेच होते, त्यामुळे बोटाने दाबायची जागा आयफोनवर जेवढी असते तेवढीच राहिली, त्याहून लहान झाली नाही. मला हा एक आकडा म्हणजे उत्तम डिझाइनचा नमुना वाटतो, किती गोष्टी एकदम जुळवून आणल्या त्यात!

मग त्याच मिनीत त्यांनी बाजूच्या कडा बारीक केल्या, म्हणजे अंगठा स्क्रीनवर येणार, म्हणून नुसता टेकलेला अंगठा कोणता आणि मुद्दाम दिलेला स्पर्श कोणता हे सॉफ्टवेअरने ओळखायचं. हार्डवेअरमधली जागा कमी केली आणि भार सॉफ्टवेअरवर टाकला. वाचताना हे बहुतेक वेळा जमतं पण सगळ्याच ॲपमध्ये सारखं जमत नाही, पीडीएफवर खूण करायचं साधन चालू असेल तर अंगठ्याची रेघ उठते. २०२१ च्या मिनीपासून चारी बाजूंची कड सारखी झाली, होम बटण गेलं, बोटाचा ठसा वरच्या बटणात गेला, आणि ॲपलची पेन्सिल, म्हणजे स्क्रीनवर लिहायचं पेन, लांब बाजूला चिकटवायची म्हणून आवाजाची बटणं उचलून वरच्या कडेला नेली. मला पेन्सिलीसाठी हे चालतं. पण बदलापूर_फास्ट, तुम्हाला पेन्सिल नकोच आहे, म्हणजे तुम्ही दुसऱ्याच्या गरजेसाठी केलेल्या तडजोडींचे पैसे देणार. एका हाताने धरलेला असताना वरच्या कोपऱ्यातलं बटण दाबून उघडणं दुकानात करून बघा नक्की, माझा हात लहान आहे, मला टॅब पोटाशी टेकवावा लागतो.

जाड कडेचा टॅब जुनाट दिसतो हे खरं, पण उभ्याने धरणाऱ्याला तीच कड उपयोगी पडते. या बाबतीत मी ए९ च्या बाजूने.

---

बदलापूर_फास्ट

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. फळा_खडू सर, समास कापून बघितले, फोनवरसुद्धा फरक जाणवला. पण दोन गोष्टी राहिल्या. जेली स्क्रोलबद्दल कोणी बोललं नाही. आणि माझे बरेच स्कॅन फार वाईट आहेत, झेरॉक्सचे झेरॉक्स, तिथे ३२६ पीपीआयचा उपयोग तरी होणार आहे का?

---

पिक्सेल_मोजणी

दुसरा प्रश्न लाखमोलाचा आहे, त्यावर शेवटी येतो.

जेली स्क्रोल असं होतं. स्क्रीनवरचं चित्र एकदम बदलत नाही, एका कडेपासून सुरू होऊन ओळीओळीने दुसऱ्या कडेला जातं. ६० हर्ट्झला एका फेरीला १६.७ मिलिसेकंद लागतात. बहुतेक टॅबमध्ये ही फेरी उभ्या धरलेल्या स्क्रीनच्या वरून खाली जाते, तुम्ही स्क्रोलही वरखाली करता, त्यामुळे काही खटकत नाही. २०२१ च्या मिनीत स्क्रीन चालवणारा कंट्रोलर लांब बाजूला उभा बसवलेला आहे, उपकरणं उघडून दाखवणाऱ्या आयफिक्सिटने ते दाखवलं होतं, त्यामुळे फेरी डावी-उजवी जाते. आता पान वर सरकवलं की एक बाजू आधी सरकते आणि दुसरी किंचित मागे राहते, ओळ तिरकी झाल्यासारखी दिसते. सेकंदाला दहा इंच या वेगाने सरकवलं तर दोन कडांमध्ये चारेक मिलिमीटरचा फरक पडतो. ॲपलचं म्हणणं तेव्हा असं होतं की एलसीडीमध्ये हे व्हायचंच, आणि ते तत्त्वतः खरं आहे, फक्त बाकीच्या टॅबमध्ये फेरीची दिशा अशी असते की डोळ्याला दिसत नाही. नव्या मिनीतही रचना तीच आहे. १२० हर्ट्झ केलं असतं तर फेरीचा वेळ निम्मा झाला असता आणि तिरकेपणाही निम्मा, म्हणजे इथे ६० हर्ट्झ आणि कंट्रोलरची जागा या दोन तडजोडी एकमेकींना वाढवतात. पन्नास हजाराच्या वस्तूत हे मला पटत नाही, आणि मी मिनीची बाजू घेणारा माणूस आहे. तुमच्यापुरतं सांगायचं तर पानं स्क्रोल न करता एकेक उलटत वाचलीत तर ते जाणवणार नाही, आणि आडवा धरला तर दिशा परत जुळते.

मधल्या किमतीत काही का नाही त्याबद्दल. तंत्र नाही म्हणून नाही असं अजिबात नाही. २०१४ चा गॅलॅक्सी टॅब एस ८.४ आठवा, २५६० बाय १६००, ओलेड, ६.६ मिमी, २९४ ग्रॅम. दहा वर्षांपूर्वी! पण नवीन मापाचं चांगलं पॅनेल बनवून घ्यायचं म्हणजे साचे, चाचण्या, किमान ऑर्डर, सगळा खर्च त्या मापाच्या खपावर बसतो. अकरा इंचाचं एकच पॅनेल चारपाच मॉडेलांत फिरवता येतं, आठ इंचाचं नाही. म्हणून आठ इंचात एकतर आधीच तयार असलेलं स्वस्त पॅनेल वापरतात, नाहीतर गेमिंगसारखं गिऱ्हाईक धरतात जे जास्त पैसे देईल, लेनोवोच्या लीजन मालिकेतला २०२४ चा ८.८ इंची तसा होता, २५६० बाय १६००, वेगवान स्क्रीन, मोठी बॅटरी, पण ३५० ग्रॅम. वाचणारा माणूस कोणाच्या हिशोबात नाही याचं मला फार वाईट वाटतं.

आता स्कॅन. तुमचे झेरॉक्सवाले स्कॅन कुठल्या डीपीआयचे, म्हणजे कागदाच्या एका इंचाला किती ठिपके टिपलेले आहेत बघा. समजा १५० असतील तर ए-फोरच्या रुंदीत मुळात १२४० च पिक्सेल आहेत. मिनीच्या रुंदीत १४८८ आहेत, म्हणजे मिनी त्यापेक्षा जास्त काही दाखवूच शकत नाही, नसलेला अनुस्वार कुठून आणणार. आणि समास कापले की त्याच स्कॅनमध्ये मजकुराच्या वाट्याला ९४० पिक्सेल उरतात, ए९ ची रुंदी ८००. म्हणजे १५० डीपीआयच्या कापलेल्या पानासाठी ए९ मध्ये फार काही गमावत नाही तुम्ही. ३०० डीपीआयचे चांगले स्कॅन किंवा शासन निर्णयांसारख्या टाइप केलेल्या पीडीएफ असतील तर मात्र मिनी स्पष्ट पुढे. त्यामुळे वर मी जे ३०० पीपीआय हवेच म्हटलं ते चांगल्या मजकुराला लागू आहे, झेरॉक्सच्या झेरॉक्सला नाही.

---

जुना_नेक्सस

मधल्या किमतीचा विषय निघालाच आहे तर २०१३ चा गुगलचा ७ इंची टॅब नेक्सस ७ सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९२० बाय १२००, ३२३ पीपीआय, २९० ग्रॅम, २२९ डॉलरपासून. आणि २०१२ च्या नेक्ससपेक्षा त्यांनी बॅटरी वाढवली नाही तर कमी केली, ४३२५ वरून ३९५० एमएएच, आणि तेवढ्यात रुंदी १२० वरून ११४ मिमी आणि वजन ३४० वरून २९० वर आणलं. हाताच्या मुठीत मावला पाहिजे हे आधी ठरवलं आणि मग बाकीचं. ११४ मिमी हे माप उभ्याने एका हातात, बोटं एका कडेला आणि अंगठा दुसऱ्या कडेला, अशा पकडीत बसतं. मिनी आणि ए९ दोन्ही त्याहून रुंद आहेत, साधारण १३५ आणि १२५ मिमी, त्यांना तळहातावर ठेवावं लागतं.

अर्थात तो स्वस्त होता कारण गुगलला त्यातून टॅब विकून पैसे कमवायचे नव्हते, ॲप-पुस्तकांचं ऑनलाइन दुकान चालवायचं होतं. ज्या कंपनीला टॅबवरच कमवायचंय ती हे करणार नाही. आज तो जुना घेऊ नका मात्र, बॅटऱ्या म्हाताऱ्या झाल्यात आणि अपडेट कधीच बंद झालेत. दुकानात जाल तेव्हा टेप घेऊन जा आणि आपली पकड किती मिमीची आहे ते मोजा असं मी सांगेन, पीपीआयच्याही आधी.

---

फळा_खडू

पिक्सेल_मोजणी यांचा स्कॅनचा हिशोब आवडला, वर्गात वापरणार. एक भर घालतो. राजपत्रासारखा दोन स्तंभांचा मजकूर असेल तर छोटा टॅब अकरा इंचीपेक्षा वाईट नाही, कारण एक स्तंभ जेमतेम तीन इंचांचा, तो साडेचार इंचात मूळपेक्षा दीडपट दिसतो. केटूपीडीएफऑप्ट म्हणून एक फुकट प्रोग्राम आहे, तो स्कॅनमधली मोकळी जागा बघून स्तंभ वेगळे करतो आणि शब्द पुन्हा ओळीत लावतो. मजकूर ओळखायची त्याला गरज नाही, चित्र म्हणूनच कापतो, आणि आपला शब्द शिरोरेषेने बांधलेला असल्यामुळे मधेच तुटायची भीती कमी. पान तिरकं स्कॅन झालं असेल तर आधी सरळ करून घ्या.

आणि हो, वाय-फायवाल्या मिनीत जीपीएस नसतं, सिमवाल्यातच असतं. तुम्हाला नको असेल, पण पुढे कोणी शेताच्या मोजणीसाठी किंवा ट्रेकसाठी हा धागा वाचत असेल तर त्याने हे बघून घ्यावं.

---

बदलापूर_फास्ट

दुकानात जाऊन आलो, पेनड्राइव्हवर स्वतःच्याच फाइल नेल्या होत्या. सेवा नियमांचे स्कॅन १५० चेच निघाले, समास कापल्यावर ए९ वर आणि मिनीवर मला फरक फार कमी वाटला. शासन निर्णय उघडले तेव्हा मात्र मिनी बघून डोळे निवले, खोटं कशाला बोलू. पकड मोजली, मिनी तळहातावर छान बसतो, कडेने धरता येत नाही. ए९ कडेने धरता येतो पण थोडा वेळ धरला की मनगटाला वरचा भाग जड लागतो, लांब असल्यामुळे असेल.

माझा अभ्यास सत्तर टक्के स्कॅनवरचा आहे त्यामुळे ए९ कडे झुकलोय, उरलेल्या पैशात सेवा नियमांची एक प्रत नीट ३०० वर स्कॅन करून घेतो, ती बाकीच्या सहकाऱ्यांनाही उपयोगी पडेल. फक्त त्या मनगटाचं काय करावं?

---

सोल्डर_सांगली

पुस्तकासारखं उघडायचं कव्हर घेऊ नका, त्यानंच दीड-दोनशे ग्रॅम वाढतंय आणि मग छोटा टॅब घेऊन काय उपयोग. पातळ मागचं कव्हर घ्या आणि त्याला हाताचा पट्टा लावा, चार बोटं आत जातील असा, इलॅस्टिकचा. पट्टा बरोबर मधे न लावता थोडा वरच्या बाजूला लावा, म्हणजे वरचा भाग पुढे कलत नाही आणि मनगटावर ओढ येत नाही. धक्का बसला तरी हातातून सुटत नाही. चार्जिंगच्या भोकात धूळ जाते लोकलमध्ये, टाचणी घालून साफ करू नका, लाकडी काडी वापरा.